कुलूप नसलेल्या समाजमंदिराच्या शोधात

दिवस पहिला : आर्वी ते सेवाग्राम

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात दोन समाजमंदिरं आहेत आणि दोन्हींना कुलूप आहे. किल्ली मागितली तर मिळते, पण कोणी मागत नाही. एप्रिलच्या दुपारी आत पाऊल टाकलं की बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. बोललेला शब्द चार भिंतींवर आपटून परत येतो. त्यामुळे गावाची सभा आजही कडुनिंबाखालीच बसते, आणि समाजमंदिरात खुर्च्या, सिमेंटच्या गोण्या नि पोळ्याच्या तोरणाचे बांबू राहतात.

यंदा गावाने वाचनालय आणि सभेची जागा एकत्र बांधायचं ठरवलं. मी वास्तुविशारद, गावचीच मुलगी, म्हणून सरपंचबाईंनी नकाशा मला मागितला. मी सहा दिवस मागून घेतले. कागदावर रेघ मारण्याआधी, सार्वजनिक इमारतीचे खरे प्रयोग आपल्याच भागात कुठे कुठे झालेत ते स्वतः फिरून पाहायचे होते. सोबत गावातल्या अर्ध्या घरांचे मिस्त्री असलेले काकाजी. माझ्या लहानपणी आमच्या घराची छपरी त्यांनीच बांधली होती. पिशवीत धोतर, टॉवेल आणि ओळंबा. "ओळंबा कायले घेतला काकाजी?" विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्याची भिंत पाहाले चाललो ना पोरी. डोळा खोटं बोलते, ओळंबा नाई बोलत."

सेवाग्रामला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. गांधीजी 1936 मध्ये इथे आले तेव्हा हे शेगाव होतं; सेवाग्राम हे नाव 1940 चं. आश्रमात शिरलं की पहिल्यांदा जाणवते ती छपराची उंची. पागोळी इतकी खाली उतरते की उंच माणसाला वाकावं लागतं. वर कवेलू, खाली मातीच्या भिंती, बांबू, शेणाने सारवलेली जमीन. भिंतींवर मीराबेननी मातीतच उठाव देऊन काढलेली झाडं आहेत. बापूकुटी मुळात मीराबेनचीच झोपडी होती, नंतर गांधीजी तिच्यात राहायला आले.

आम्हाला शिकवलेल्या वास्तुकलेत ही कुटी 'साधेपणा' या एका शब्दात संपायची. तिथे तासभर बसल्यावर ते चुकीचं वाटलं. 1937 च्या जानेवारीत 'हरिजन'मध्ये गांधीजींनी आदर्श खेड्याचं वर्णन केलं, त्यात घरं पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावीत असं लिहिलं होतं. ही अट म्हणजेच प्रयोग. पाच मैलांत स्टील नाही, काच नाही. माती, बांबू, शिंदी, कुंभाराची कवेलू आणि गावातले हात एवढंच असताना उजेड, वारा, एकांत, पाहुणा, आजारी माणूस या सगळ्यांची सोय कशी करायची? विचारवंत इव्हान इलिच 1978 मध्ये इथे येऊन कुटीत बसला आणि हाच विचार करत राहिला. चपला काढायच्या जागेपासून आजाऱ्याच्या खोलीपर्यंत प्रत्येक माणसासाठी तिथे एक ठिकाण आहे, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

काकाजींनी भिंतीला हात लावला, मग पागोळीखालची जमीन पाहिली. "भिंत अजून उभी आहे ते छपरामुळं. मातीच्या भिंतीले डोक्यावर टोपी नं पायात जोडा पायजे. बाकी तिले काई होत नाई." जोडा म्हणजे दगडी जोतं. परदेशात मातीकाम शिकवणारेही अगदी हेच सांगतात, चांगले बूट आणि चांगली टोपी. काकाजींनी ते कुठेही वाचलेलं नाही.

पण माझा जीव अडकला तो प्रार्थनेच्या मैदानात. बारीक खड्यांची मोकळी जागा, कडेला पिंपळ, वर आभाळ. आश्रमातली सगळ्यात मोठी 'सभागृह' म्हणावी अशी जागा हीच, आणि तिला भिंतच नाही. छप्पर फक्त जिथे टिकवायचं आहे, निजायचं आहे, लिहायचं आहे तिथे. माणसं जमायला मोकळं आंगण. आमच्या गावाने कडुनिंबाखाली बसून जे कधीचं सांगितलं होतं तेच मी इथे येऊन ऐकलं.

दिवस दुसरा : वर्धा, दत्तपूर, गोपुरी, पवनार

सकाळी दत्तपूरला गेलो. इथे 1976 मध्ये देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केलं. मला इथली गुना टाइल पाहायची होती. कुंभार चाकावर एक पोकळ, निमुळतं नळकांडं घडवतो, एका तोंडाला रुंद, दुसऱ्याला अरुंद. भाजल्यावर अरुंद तोंड पुढच्याच्या रुंद तोंडात बसतं. असे एकात एक घालत गेलं की कमान होते, आणि कमानीला कमान लावत गेलं की डाट. वरून गिलावा. ना सळई, ना सागाची मयाल, म्हणजे आडवी तुळई. नळकांडी पोकळ असल्यामुळे आत हवा कोंडलेली राहते, आणि कोंडलेली हवा ऊन लवकर आत येऊ देत नाही.

इटलीत रावेन्ना इथल्या सान विताले चर्चचा घुमट सहाव्या शतकातला. तोही असाच एकमेकांत बसणाऱ्या भाजक्या मातीच्या नळकांड्यांचा आहे. हे काकाजींना सांगितलं तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "कुंभार सगळीकडंच असन ना," एवढंच म्हणाले.

त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. डाट आपलं वजन नुसतं खाली टाकत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेरही ढकलते. भिंत जाड हवी, किंवा बाहेरून टेकू हवा, किंवा दोन भिंतींना बांधून ठेवणारी सळई हवी. आणि आमच्याकडे जमीन काळी. कपाशीची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. पाया तिच्यावर ठेवला तर भिंत दरवर्षी वरखाली होणार. स्लॅब ते काही वर्षं सोसतो, डाट सोसणार नाही. तिच्या माथ्यावर लगेच तडा दिसेल. "काळी माती श्वास घेते पोरी. मुरूम लागेपर्यंत खोदा लागन, नाईतर हे सगळं कागदावर बरं." त्यांनी तिथल्या एका जुन्या डाटीला ओळंबा लावून पाहिला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सरळ आहे." त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

दुपारी गोपुरीला गीताई मंदिर. छप्पर नाही, मूर्ती नाही, गाभारा नाही. उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेत आणि शिळांच्या त्या रांगा हीच मंदिराची भिंत. वरून पाहिलं तर मांडणीत गाय आणि चरखा दिसतो. 1980 च्या 7 ऑक्टोबरला विनोबांच्या हस्ते ते खुलं झालं. गीताई लिहायला त्यांनी 1930 मध्ये याच तारखेला सुरुवात केली होती. भिंत वाचत वाचत चालायचं, इतकी ही साधी कल्पना आहे. एका शिळेशी शाळेचा गणवेश घातलेला मुलगा बोट ठेवून अक्षर लावत होता. वाचनालयाची भिंतच वाचता आली तर, हा विचार तिथून माझ्यासोबत गावापर्यंत आला. एक उणीवही लिहिते. दीड वाजता तिथे उभं राहवत नाही. दगड तापतो. या कल्पनेला झाडाची नाहीतर मांडवाची सोबत हवी.

संध्याकाळी पवनार. धाम नदीला पाणी कमी होतं. विनोबा इथे 1938 मध्ये आले, 1959 मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. शेत खणताना वाकाटककाळातल्या मूर्ती निघाल्या, त्यात राम-भरत भेटीचा शिल्पपट. त्या वस्तुसंग्रहालयाच्या काचेत न जाता आश्रमातच, राहणाऱ्या माणसांमध्ये राहिल्या. घाटावर पाय सोडून बसलो. काकाजी झोपी गेले.

दिवस तिसरा : वरोरा

हिंगणघाट, जाम करत एसटीने वरोऱ्याला. गाडीत गरम वारा तोंडावर मारत होता. वाटेतल्या गावांमध्ये नवीन घरांवर टिनच टिन दिसतात. कवेलू फेरणारा माणूस मिळत नाही, माकडं राहू देत नाहीत, म्हणून लोक टिनावर जातात. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

टिनावरून मी काकाजींना बुर्किना फासोमधल्या गांदो या खेड्याची गोष्ट सांगितली. तिथल्या फ्रान्सिस केरे या मुलाने परदेशात वास्तुकला शिकत असतानाच पहिलं काम म्हणून गावची शाळा बांधली, 2001 मध्ये. भिंती मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या. वर विटांचंच छत, आणि त्याच्याही वर सळयांच्या कैच्यांवर उचलून धरलेलं टिन. टिन तापतं, पण ते छताला टेकलेलं नाही. मधल्या फटीतून वारा जातो आणि धग घेऊन जातो. दगड-पाणी वाहायला, जमीन ठोकायला सगळं गाव आलं होतं. 2022 मध्ये केरेला प्रित्झ्कर हा वास्तुकलेतला सर्वात मोठा मानला जाणारा पुरस्कार मिळाला.

काकाजी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. "कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडं वैशाखात वावधन येते. उचललेल्या टिनाखाली हवा शिरली का पतंग होते त्याचा. सळई भिंतीच्या पट्ट्यात खोल गाडा लागन, नुसती वरून अडकवून नाई चालणार." मागच्याच वर्षी आमच्या शेजारच्या वस्तीतले पत्रे अवकाळीत पाव किलोमीटरवर जाऊन पडले होते. परदेशातला प्रयोग आपल्याकडे आणताना नेमकं काय बदलावं लागतं ते मला एसटीच्या सीटवर कळलं. मी वहीत लगेच तपशील काढला, गाडी हलत होती तरी.

आनंदवन 1951 च्या 21 जूनला विनोबांच्या हस्ते सुरू झालं. बाबा आमटे, साधनाताई, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्यावर. पुढे इथल्या विहिरी, घरं आणि वरोऱ्याच्या आनंदनिकेतन महाविद्यालयाच्या इमारती रोगातून उठलेल्या माणसांनीच बांधल्या. ज्यांच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते त्यांनी बांधलेल्या वर्गांत लोकांची मुलं शिकायला आली. इमारत कशाची आहे याच्याइतकंच ती कोणी बांधली हेही तिच्यात राहतं. हे वाक्य मी कॉलेजात निबंधात लिहिलं असतं तर पोकळ वाटलं असतं. इथल्या भिंतीशेजारी उभं राहून ते खरं आहे.

इथे लाकूड-लोखंड टाळून विटांच्या डाटीने छावलेली घरं आहेत. अशी डाट नुबियात, म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेला, सेंटरिंगशिवाय बांधतात. मागच्या भिंतीला टेकवून प्रत्येक थर थोडा कलता लावायचा, म्हणजे ओला गाराच विटेला धरून ठेवतो. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1940 च्या दशकात न्यू गुर्ना हे गाव अशा मातीच्या डाटींवर उभं करायला घेतलं. जेवढं झालं तेवढं सुंदर झालं, पण ज्यांच्यासाठी ते होतं ते बहुतेक लोक तिथे राहायला गेलेच नाहीत, कारण त्यांचं पोट जुन्या जागेशी बांधलेलं होतं. फतहींबद्दल मला फार आदर आहे. तरीही न्यू गुर्ना मला त्या रात्री झोपू देईना. आमच्या गावातली दोन कुलपं डोळ्यांपुढे येत राहिली.

काकाजी एका दाराची कडी बराच वेळ उघड-बंद करून पाहत होते. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते, चटका किंवा कातरलेलं कळत नाही. "कडीले धार नको पायजे," ते म्हणाले. "आपल्या वाचनालयातही. पोट्टे असतात."

दिवस चौथा : चिचपल्ली, मग गडचिरोली

चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे बांबूतच मोठ्या इमारती उभारल्या होत्या, आणि 2021 च्या फेब्रुवारीत त्यांना आग लागली. ते फोटो पाहिले त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी गेले होते. काही इमारती फक्त आपल्या मालकीच्या नसतात, त्यांच्यावर आपली आशा असते.

बांबूला दोन वैरी. किडा हा पहिला. बांबूतल्या पिठावर तो जगतो. म्हणून बुरूड पावसाळ्यानंतर, पीठ कमी असतं तेव्हाच बांबू तोडतात, आणि आता बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवतात. दुसरा वैरी विस्तव. वाळका बांबू आणि वाळकं गवत एकत्र आलं की ठिणगी पुरते. वायरिंग नळीतून नेणं, छपराला खंड पाडणं, पाणी जवळ ठेवणं, हे नकाशातच आलं पाहिजे. मी ठरवलं की आमच्याकडे बांबू मांडवापुरता. पुस्तकांच्या खोलीवर बांबू नाही.

मूल, सावली करत वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीत आलो. बाकी दिवस प्रवासातच गेला.

दिवस पाचवा : चातगाव आणि मेंढा

पहाटे धानोरा रस्त्याने निघालो. मोहाचा सडा पडला होता. झाडाखालचा पालापाचोळा जाळून साफ केलेल्या जागेत बायका टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. त्या गोड, जड वासाने काकाजी एकदम बोलके झाले.

चातगावजवळ शोधग्राम. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' ही आरोग्यसंस्था सुरू केली. दवाखाना बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींनाच विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. उत्तरं आली ती कुठल्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकात नसतात. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते. आजाऱ्याला एकटं ठेवता, घरच्यांना हाकलता, ते नको. म्हणून इथला दवाखाना आदिवासी गावासारखा झाला. वेगवेगळ्या झोपड्या, मध्ये अंगण, आजाऱ्यासोबत नातेवाईक राहतील अशी सोय. नाव मां दंतेश्वरी, कारण देवी तिथे असेल तर माणूस निर्धास्त होतो.

एका झोपडीबाहेर एक आजी चुलीवर काहीतरी ढवळत होती. आत तिचा नातू खाटेवर. दवाखान्यात आहोत असं तिच्या बसण्यात कुठेच दिसत नव्हतं. मी इतकी वर्षं इमारतीचा 'उपयोग' हा शब्द वापरला, पण माणसाची भीती मोजून खोली आखता येते हे मी कधी केलं नाही. नागपुरात मी एका संस्थेसाठी सभागृह केलं होतं. त्याचं दार इतकं भारदस्त झालं की शिपायाखेरीज कोणी ते आपणहून ढकलत नाही. ती चूक माझी आहे आणि ती आता दुरुस्त होत नाही.

तिथून पुढे मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे या गावाचं ब्रीद. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनेच द्यायचे ठरले. मला मात्र गोटुलाची गोष्ट तिथे उभं राहून ऐकायची होती. गोटुल म्हणजे गोंडांची तरुणांची, गाण्या-नाचाची, गावगप्पांची जागा. गावाने रीतीप्रमाणे सागाचं लाकूड आणून गोटुल उभं केलं. वनखात्याने ते पाडलं. मग आजूबाजूच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारली आणि शेवटी खात्याला माघार घ्यावी लागली.

आमच्या समाजमंदिराला कोणी पाडलं तर कोणाच्या डोळ्यात पाणी येईल? मी हे काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "खुर्च्या ठेवाले जागा नाई राहणार म्हणून येईन."

मेंढ्यात कोणताही निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. एक जण जरी अडला तरी चर्चा पुढे चालू. अशा सभेला बसायची जागा गोलच लागते. मंचावर पाच खुर्च्या आणि खाली सतरंजी, या रचनेत सर्वसहमती होऊच शकत नाही, कारण अर्ध्या माणसांना उरलेल्यांची फक्त पाठ दिसते. मी वहीतला मंच खोडला. सरपंचबाई रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या नाहीत.

दिवस सहावा : मार्कंडा, आणि परत

चामोर्शीवरून मार्कंड्याला उतरलो. वैनगंगा इथे वळून उत्तरेला वाहते. देवळांवरची शिल्पं पाहायला लोक येतात, काकाजी सांधे पाहत होते. चुना नाही, दगडावर दगड घडवून बसवलेला. ओळंबा त्यांनी पिशवीतून काढला आणि न लावताच परत ठेवला. मग रात्रीपर्यंत प्रवास.

गावात

रविवारी सकाळी आम्ही जागेवर फक्की टाकून नकाशा आखला. कडुनिंबाला मध्ये धरून पाऊण गोल ओटा, कोणालाही कधीही बसता येईल असा. मागे पुस्तकांच्या दोन खोल्या, विटांच्या जाड भिंतींवर गुना टाइलची डाट. पुढे लांब छपरी, वर बांबूचा मांडव. कुलूप फक्त पुस्तकांच्या खोल्यांना.

बायका नळावरून येता येता थांबल्या. एका म्हाताऱ्या आजीने रेघ ओलांडली नाही, बाहेरच उभी राहून विचारलं, "माणसं ओट्यावर बसले का आमी कुठून जाऊ?" मला सुचलंच नव्हतं. नळाकडून एक वाट आणि त्या बाजूला एक वेगळा ओटा, असं ठरलं. मी पायाने फक्की पुसली आणि नवीन रेघ ओढली. आजीने आणखी चार हात पुढे दाखवलं, सावली दुपारी तिथपर्यंत येते म्हणून. पुन्हा पुसली. एका पोराने विचारलं की पुढच्या भिंतीवर काय लिहिणार. ते तुम्ही शाळेत ठरवा, असं सांगितलं.

काकाजी तेवढ्यात कोपऱ्यात खड्डा खोदायला लागले होते. दोन फुटांपर्यंत काळी. तीन फुटांपर्यंत काळी, ओलसर. पोरं भोवती जमली. साडेचार फुटांवर पहारीचा आवाज बदलला. त्यांनी वाकून मूठभर माती वर काढली, बोटांत चोळली आणि माझ्या हातावर ठेवली. पिवळट, खरखरीत.